अमेरिकेतलं मुलांचं टॅक्स क्रेडिट आणि तुमची कमाई: हिशेब नेमका कसा लागतो

गेली काही वर्षं फेब्रुवारी-मार्चमधले शनिवार मी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात घालवते. व्हीटा नावाच्या सरकारी उपक्रमात आम्ही स्वयंसेवक बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांची टॅक्स रिटर्न्स मोफत भरून देतो. एका शनिवारी एक ताई समोर येऊन बसल्या. नवऱ्याचा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा कागद, बेकारी भत्त्याचा कागद, दोन्ही मुलांची सोशल सिक्युरिटी कार्डं, सगळं फाइलला नीट लावलेलं. ते टेबलावर मांडून झाल्यावर त्यांनी पर्समधून एक वही काढली, ती मात्र हातातच धरून ठेवली. घरून पोळी-भाजीचे डबे देतात, त्याचा हिशेब होता तो. डाव्या पानावर आलेले पैसे, प्रत्येकापुढे ‘रोख’ किंवा ‘झेल’ (म्हणजे झेल ॲपवरून बँकेत आलेले). उजव्या पानावर कणीक, तेल, भाजी, प्लास्टिकचे डबे. हळू आवाजात म्हणाल्या, “हे दाखवलंच पाहिजे का? दाखवलं तर मुलांचे पैसे कमी होतील ना?”

हा प्रश्न मला दर मोसमात कुणी ना कुणी विचारतं. कमाई वाढली की मदत कमी होणार, असं आपण गृहीत धरून चालतो. अमेरिकेतलं मुलांचं टॅक्स क्रेडिट म्हणजे मुलांमागे टॅक्समधून मिळणारी सूट आणि काही वेळा रोख परतावा; त्याचं गणित मात्र तसं सरळ उतरत नाही. खालच्या टप्प्यात कमाई वाढली की क्रेडिट वाढतं, मधल्या टप्प्यात थांबतं, आणि मग पुढे घटतं. आपण कुठल्या टप्प्यात आहोत हे कळलं की निम्मी भीती जाते. ताईंचा हिशेब पुढे पूर्ण मांडला आहे. आधी त्याच्या पायऱ्या. सगळे आकडे २०२५ च्या कमाईचे, म्हणजे १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायच्या रिटर्नचे आहेत.

आधी नंबर पाहा, डॉलर नंतर

पगाराचा आकडा बघण्याआधी घरातल्या प्रत्येकाकडे कोणता नंबर आहे ते एका कागदावर लिहा: सोशल सिक्युरिटी नंबर की आयटिन, म्हणजे तो नंबर मिळत नसलेल्यांना फक्त टॅक्स भरण्यासाठी मिळणारा नंबर. आपल्या मराठी घरांत खरी मेख इथेच असते, कारण एकाच घरात तीन तऱ्हा असतात. नवरा एच-१बी वर, म्हणजे कामाच्या व्हिसावर, बायको एच-४ वर, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, मोठी मुलगी पुण्यात जन्मलेली, धाकटा इथे जन्मलेला.

चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी मुलाकडे नोकरीला चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर हवा, आणि ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्यामुळे आता आई-वडिलांपैकी निदान एकाकडे तरी तो हवा. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्यात एच-१बी वाल्याकडे तो असतोच. कार्डावर ‘डीएचएसच्या (इमिग्रेशन बघणाऱ्या खात्याच्या) परवानगीनेच कामासाठी वैध’ असा शिक्का असला तरी परवानगी चालू असेल तर तो नंबर चालतो. म्हणजे वरच्या घरात धाकट्याचं पूर्ण क्रेडिट मिळतं. मोठीकडे आयटिन असेल तर तिच्यासाठी फक्त ५०० डॉलरचं इतर अवलंबितांचं क्रेडिट, आणि तेही लागू झालेला टॅक्स कमी करण्यापुरतंच.

अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, म्हणजे ईआयटीसी, हे बेताच्या कमाईच्या घरांसाठीचं दुसरं क्रेडिट; त्याचा नियम याहून कडक. तिथे नवरा, बायको आणि ज्या मुलांसाठी मागता ती मुलं, सगळ्यांकडे नोकरीला चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. बायकोकडे आयटिन असेल तर एकत्र रिटर्नवर ईआयटीसी शून्य, मुलं इथे जन्मलेली असोत वा नसोत. एच-४ वर कामाची परवानगी मिळालेल्या कुणी आळसाने आयटिनच वापरत राहू नये, ते याचसाठी. परवानगी हातात आली की लगेच सोशल सिक्युरिटी नंबर काढा.

एक बारीक गोष्ट खूपजणांना ठाऊक नसते. नंबर रिटर्नच्या मुदतीच्या आत मिळालेला असावा लागतो, पण वाढवून घेतलेली मुदतही त्यात धरली जाते. मुलांचं ग्रीन कार्ड मार्चमध्ये आलं, नंबर अजून यायचाय, अशी स्थिती असेल तर घाईने आयटिनवर रिटर्न भरू नका. फॉर्म ४८६८ भरून मुदत ऑक्टोबरपर्यंत वाढवा. मुदत उलटल्यावर नंबर आला, तर मागच्या वर्षाचं क्रेडिट नंतर दुरुस्ती करूनही मागता येत नाही.

एफ-१ वर शिकणारे पहिली पाच कॅलेंडर वर्षं बहुधा टॅक्सच्या दृष्टीने अनिवासीच असतात, आणि अनिवाशाला ईआयटीसी नाही. जोडीदार इथला नागरिक किंवा निवासी असेल आणि एकत्र भरायचं ठरवलं, तरच दार उघडतं.

‘कमाई’ कशाला म्हणायचं

मराठीत आपण कमाई आणि उत्पन्न हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. अमेरिकेच्या टॅक्स खात्यात त्यांच्यात भिंत आहे. कमाई म्हणजे काम करून मिळालेला पैसा: पगार, टिप, स्वतःच्या धंद्यातला निव्वळ नफा. बाकीचं सगळं उत्पन्न असलं तरी कमाई नव्हे.

बेकारी भत्ता कमाई नाही. बँकेचं व्याज, शेअरचा लाभांश, घराचं भाडं, पेन्शन, घटस्फोटानंतर मुलासाठी येणारे पैसे, यातलं काहीच कमाईत धरत नाहीत. क्रेडिट वर चढतं ते कमाईच्या जोरावर. खाली उतरताना मात्र समायोजित ढोबळ उत्पन्न, ज्याला इथे सगळे एजीआय म्हणतात, तेही बघितलं जातं, आणि त्यात व्याज, भाडं, बेकारी भत्ता सगळं येतं. म्हणून बेकारी भत्ता क्रेडिट वाढवत नाही, पण पुरेसा मोठा असेल तर घटवू शकतो.

भारतातल्या एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्याचं व्याज इथे हमखास विसरलं जातं. भारतात ते करमुक्त असतं, म्हणून लोकांना वाटतं ते कुठेच दाखवायचं नाही. अमेरिकेत निवासी म्हणून रिटर्न भरत असाल तर ते करपात्र आहे. शिवाय ईआयटीसीला गुंतवणुकीच्या उत्पन्नाची मर्यादा आहे: २०२५ साठी ११,९५० डॉलर. व्याज, लाभांश आणि शेअरचा नफा मिळून त्यावर एक डॉलर जरी गेला तरी ईआयटीसी पूर्ण जातं.

पगाराचा कोणता आकडा घ्यायचा? डब्ल्यू-२ मधला पहिला रकाना. ऑफर लेटरवरचा पगार नव्हे. ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात कापलेले पैसे आणि बहुतेक ठिकाणी पगारातून कापला जाणारा आरोग्य विम्याचा हप्ता त्या रकान्यात आधीच वजा झालेला असतो. याचा पुढे उपयोग आहे.

चाइल्ड टॅक्स क्रेडिट: २,५०० नंतर दर डॉलरला पंधरा सेंट

वर्षाच्या शेवटच्या दिवशी १७ वर्षं पूर्ण न झालेल्या प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलर. मूल वर्षाच्या निम्म्याहून जास्त काळ तुमच्याजवळ राहिलेलं हवं. शाळेला सुट्टी लागली म्हणून दोन महिने कोल्हापूरला आजीकडे गेलं तर हरकत नाही, ती तात्पुरती अनुपस्थिती धरतात. वर्षभर तिथल्याच शाळेत घातलं असेल तर गोष्ट वेगळी.

आधी हे क्रेडिट तुमचा इन्कम टॅक्स पुसतं. टॅक्स संपल्यावर उरलेल्यातले मुलामागे जास्तीत जास्त १,७०० डॉलर रोख परत मिळू शकतात, आणि कमाईची अट लागते ती इथे. कमाईतून २,५०० वजा करा, उरलेल्याचे १५ टक्के काढा. तेवढंच रोख परत मिळतं. कमाई २,५०० किंवा त्याहून कमी असेल तर या सूत्राने हातात काहीच येत नाही. २०२१ साली, कोविडच्या मदतीत, ही कमाईची अट एका वर्षापुरती काढली होती आणि लहान मुलांसाठी ३,६०० डॉलरपर्यंत दिले होते. त्या वर्षीचा अनुभव डोक्यात ठेवून आजही काहीजण ‘कमाई नसली तरी मुलांचे मिळतातच’ असं सांगतात. आता तसं नाही.

ईआयटीसी: चढ, पठार, उतार

सह्याद्रीत गड चढलेल्याला हे चटकन समजेल: आधी चढ, मग माथ्यावरची सपाटी, मग पलीकडची उतरण. एका मुलासाठी पहिल्या १२,७३० डॉलर कमाईच्या ३४ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ४,३२८. दोन मुलांसाठी पहिल्या १७,८८० च्या ४० टक्के, म्हणजे ७,१५२. तीन किंवा अधिक मुलांसाठी ४५ टक्के, म्हणजे ८,०४६. हे सगळं रोख परत मिळतं, टॅक्स लागलेला असो वा नसो.

पुढे सपाटी. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला ३०,४७० डॉलरपर्यंत, एकट्या पालकाला २३,३५० पर्यंत आकडा हलत नाही. त्यानंतर उतार: एका मुलाला दर जादा डॉलरमागे सुमारे १६ सेंट, दोन किंवा अधिक मुलांना २१ सेंट घटतात. जोडप्यासाठी शेवट एका मुलाला ५७,५५४ डॉलरवर, दोघांना ६४,४३० वर, तिघांना ६८,६७५ वर. उतारावर कमाई आणि एजीआय यांतला मोठा आकडा धरतात.

मुलांचं वय इथे जरा सैल आहे: १९ च्या आत, किंवा पूर्णवेळ शिकत असेल तर २४ च्या आत. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर वयाची अट नाही. पण मूल वर्षाच्या निम्म्याहून जास्त काळ अमेरिकेत तुमच्याबरोबर राहिलेलं हवं. नवरा-बायकोने वेगवेगळी रिटर्न्स भरली तर ईआयटीसी सहसा जातं. विभक्त राहणाऱ्यांसाठी २०२१ पासून थोडी वाट आहे.

आता ती वही

ताईंच्या घरचे आकडे सोयीसाठी गोल करते. नवऱ्याची नोकरी वसंतात गेली, तोवरचा पगार ९,००० डॉलर. नंतर बेकारी भत्ता १०,०००. घरात सगळ्यांकडे ग्रीन कार्ड आणि सोशल सिक्युरिटी नंबर. डब्यांतून, सगळा खर्च वजा जाता, ७,००० नफा.

वही पर्समध्येच राहिली तर कमाई फक्त ९,०००. ईआयटीसी ४० टक्क्यांनी ३,६००. चाइल्ड टॅक्स क्रेडिटचं: ९,००० वजा २,५००, त्याचे १५ टक्के, ९७५. हातात एकूण ४,५७५ डॉलर. बेकारी भत्त्याने यात एका पैशाची भर घातली नाही.

वही उघडली तर? ७,००० नफ्यावर स्वयंरोजगाराचा टॅक्स, म्हणजे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा वाटा, सुमारे ९८९ डॉलर. त्याचा निम्मा, ४९५, नफ्यातून वजा करून कमाई धरतात. एकूण कमाई १५,५०५. ईआयटीसी ६,२०२. चाइल्ड टॅक्स क्रेडिट १,९५१. बेरीज ८,१५३, त्यातून तो ९८९ चा टॅक्स वजा, हातात ७,१६४. एकत्र रिटर्नचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे टॅक्स लावण्याआधी सरसकट वजा होणारी रक्कम, ३१,५०० असल्याने इन्कम टॅक्स शून्यच.

फरक २,५८९ डॉलरचा, आणि तो वही दाखवण्याच्या बाजूने. वर ताईंच्या नावावर सोशल सिक्युरिटीचे तीन क्रेडिट जमा झाले. निवृत्तीच्या हक्काला अशी ४० लागतात, आणि याआधी त्यांच्या खात्यावर एकही नव्हतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली तेव्हा त्यांनी आकडा दोनदा वाचला आणि वही टेबलावर ठेवली.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. क्रेडिट वाढतं म्हणून नसलेला नफा लिहिणं किंवा झालेला खर्च लपवणं हा गुन्हा आहे. खरा खर्च सगळा दाखवायचा, तो दाखवल्याने क्रेडिट घटलं तरी. बेपर्वाईने चुकीचं क्रेडिट मागितलं असं ठरलं तर दोन वर्षं बंदी, फसवणूक ठरली तर दहा वर्षं. म्हणून ताईंसारखी तारीखवार वही सोन्यासारखी. आणि एच-४ वर कामाची परवानगी नसलेल्या कुणी हे वाचून डबे सुरू करू नयेत. तिथे प्रश्न टॅक्सचा नसून व्हिसाचा आहे.

पगारवाढ झाली तर तोटा होतो का?

नाही, पण वाढ वाटते तेवढी हातात पडत नाही. दोन मुलं, एकत्र रिटर्न, पगार ४५,००० वरून ६०,००० झाला असं धरू. ४५,००० ला ईआयटीसी सुमारे ४,०९२, ६०,००० ला सुमारे ९३३. तिथेच ३,१५९ गेले. इन्कम टॅक्स १,३५० वरून २,९४३, म्हणजे १,५९३ जादा. मुलांचं ४,४०० चं क्रेडिट दोन्ही वेळा पूर्ण मिळतं. पगारातून कापला जाणारा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा वाटा आणखी १,१४८. पंधरा हजारांच्या वाढीतले साधारण ९,१०० हातात राहतात. ओव्हरटाइम नाकारण्याचं हे कारण नव्हे. पण मागच्या वर्षीच्या रिफंडवर डोळा ठेवून उधारी केली असेल तर आकडा आधी मांडून पाहा.

उतारावर असलेल्यांना ४०१(के) चा उपयोग होतो तो इथे. पगार ६८,००० असलेल्या दोन मुलांच्या घराला ईआयटीसी नाही. त्यांनी ५,००० डॉलर ४०१(के) मध्ये टाकले तर पहिल्या रकान्यात ६३,००० येतात, सुमारे ३०० डॉलर ईआयटीसी मिळतं, आणि १२ टक्क्यांच्या टप्प्यात इन्कम टॅक्सचे ६०० वाचतात. स्वतंत्रपणे उघडलेल्या आयआरए या निवृत्तीच्या खात्यात तेच पैसे टाकले तर एजीआय उतरतं, पण कमाईचा आकडा तसाच राहतो. मोठा आकडा धरायचा नियम असल्याने ईआयटीसीला फायदा होत नाही.

दोघेही आयटीत असलेल्या घरांचा प्रश्न वरच्या टोकाचा. चाइल्ड टॅक्स क्रेडिट जोडप्याला चार लाख आणि इतरांना दोन लाख डॉलरनंतर घटू लागतं, दर हजार किंवा त्याच्या अंशामागे ५० डॉलर. ४,१२,३०० उत्पन्न असेल तर १२,३०० चे १३ हजार धरतात, ६५० घटतात, दोन मुलांचे ३,७५० उरतात. बोनसच्या वर्षी शेअर विकायचे की पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायचं, ते ठरवताना हे लक्षात असू द्या.

पाळणाघराचं क्रेडिट

१३ वर्षांखालच्या मुलाला सांभाळायला दिलेल्या पैशांचं वेगळं क्रेडिट आहे, आणि त्यात कमाईची अट नवरा-बायको दोघांनाही लागते. दोघांपैकी ज्याची कमाई कमी, तेवढाच खर्च धरतात. एकाची कमाई शून्य तर क्रेडिट शून्य. जोडीदार पूर्णवेळ शिकत असेल तर मात्र एका मुलामागे दरमहा २५०, दोन किंवा अधिक असतील तर ५०० डॉलर कमाई मानली जाते. खर्चाची मर्यादा एका मुलाला ३,०००, दोघांना किंवा अधिकला ६,०००. एजीआय ४३,००० च्या वर असेल तर त्याचे २० टक्के. २०२६ च्या खर्चापासून ही टक्केवारी बऱ्याच घरांसाठी वाढते आहे.

आईला किंवा सासूबाईंना सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर बोलावून मुलं सांभाळायला देतो, त्यांना महिन्याला काही पैसे देतो, ते इथे दाखवता येतील का, असं लोक विचारतात. दाखवू नका. त्या व्हिसावर मोबदल्याचं काम करता येत नाही. पैसे घेणाऱ्याचा टॅक्स नंबर फॉर्म २४४१ वर लिहावा लागतो, आणि त्या ओळीत आईचं नाव लिहिलंत तर तिचा पुढचा व्हिसा तुम्हीच धोक्यात घालता.

भारतात परतलेल्यांसाठी

इथलं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड घेऊन पुण्याला परत गेलेली बरीच कुटुंबं आहेत. तिथला पगार फॉर्म २५५५ वापरून अमेरिकन टॅक्समधून वगळला, तर त्या वर्षी ईआयटीसी मिळत नाही आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिटचा रोख परताव्याचा भागही मिळत नाही. त्याऐवजी भारतात भरलेल्या टॅक्सचं फॉरेन टॅक्स क्रेडिट घेतलं, तर इथे जन्मलेल्या मुलांचा रोख परतावा शिल्लक राहू शकतो. दोन्ही पद्धतींनी रिटर्न करून पाहा. एकदा घेतलेली वगळणूक सोडून दिली की ती पुढची पाच वर्षं खात्याच्या परवानगीशिवाय परत घेता येत नाही, तेव्हा घाईने पलटी मारू नका.

भरताना

फॉर्म १०४० बरोबर चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी शेड्यूल ८८१२, ईआयटीसीच्या मुलांसाठी शेड्यूल ईआयसी, डब्यांसारख्या धंद्यासाठी शेड्यूल सी. मुलं तुमच्याजवळ राहतात याचा पुरावा, म्हणजे शाळेचं किंवा डॉक्टरचं तुमच्या पत्त्यावरचं पत्र, आधीच काढून ठेवा. आई-वडील वेगळे राहत असतील तर मूल ज्याच्याकडे जास्त रात्री राहतं त्याचा हक्क पहिला. फॉर्म ८३३२ वर सही करून चाइल्ड टॅक्स क्रेडिट दुसऱ्याला देता येतं, ईआयटीसी देता येत नाही.

जानेवारीत रिटर्न भरलं तरी ईआयटीसी किंवा मुलांच्या रोख परताव्याचा रिफंड कायद्याने १५ फेब्रुवारीच्या आत सोडता येत नाही. तोवर ‘आजच रिफंड’ म्हणून व्याजाने पैसे देणाऱ्यांच्या दुकानात जाऊ नका. आपल्याच पैशांवर फी कशाला द्यायची?

राज्याचं रिटर्नही तपासा. न्यू जर्सी संघराज्याच्या ईआयटीसीच्या ४० टक्के वेगळे देते, आणि सहा वर्षांखालच्या मुलामागे ८०,००० डॉलर उत्पन्नापर्यंत वेगळं क्रेडिट, जास्तीत जास्त १,०००. कॅलिफोर्नियाच्या राज्य क्रेडिटला आयटिन चालतो. संघराज्याच्या ईआयटीसीला नकार मिळालेल्या आपल्या घरांनी तिथे जरूर अर्ज करावा.

एच-१बी वाल्यांनी एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या ट्रेझरी खात्याने जाहीर केलं की ईआयटीसी आणि मुलांच्या क्रेडिटचा रोख परत मिळणारा भाग ठरावीक इमिग्रेशन दर्जा नसलेल्यांना मिळू नये असे नियम ते आणणार आहेत, आणि ते २०२६ च्या टॅक्स वर्षापासून लागू करण्याचा त्यांचा विचार आहे. या यादीत ग्रीन कार्डवाले सुरक्षित आहेत, तात्पुरत्या कामाच्या व्हिसावरचे नाहीत. तेव्हा २०२५ चं जे तुमचं आहे ते या मोसमात वेळेत मागून घ्या, आणि पुढच्या वर्षीच्या रिफंडचा आकडा घरखर्चात आत्ताच धरू नका.